गॅलरीतले दोन हात

"पण मी म्हणते, थांबवायची कशाला? मी हसतेय हे दिसत नव्हतं का तुम्हाला?"

"धावत्या गाडीतून हसू दिसत नाही, वसू. हात दिसतात. आणि मला दोन दिसले."

"मग? आनंद झाला की माणूस एकच हात वर करतो का?"

"रुळाच्या कडेला राहणाऱ्या माणसाने एकच करायचा!"

भांडण दारातच सुरू झालं होतं. नंदकिशोर तावड्यांचा एक बूट अजून पायात होता, दुसरा हातात होता आणि तो हातातला बूट ते बोलताना छडीसारखा हलवत होते. वसुधा स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती. पोळ्या लाटता लाटता उठल्यामुळे तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. मुलगी सई कानातला इअरफोन काढून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. फक्त सासरे, भाऊ, टीव्हीसमोर निवांत होते. गिरणीतल्या मागांनी त्यांचे कान केव्हाच नेले होते, त्यामुळे घरातली निम्मी भांडणं त्यांना नुसती दिसायची.

"अगं, भरलेली गाडी उभी केली मी!" नंदकिशोर म्हणाले. "मागून गार्ड संघमित्राने फोन केला. दादा, काय झालं, कोण पडलं का? काय सांगू तिला? कोणी पडलं नाही, माझी बायको नाचतेय?"

"काय सांगितलंत?"

"तेच सांगितलं. दुसरं काय सांगणार?"

सईला हसू फुटलं. ते बघून वसुधालाही फुटलं असतं, पण नंदकिशोरांचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

नंदकिशोर लोकलचे मोटरमन. नाहूर आणि मुलुंडच्या मध्ये, रुळांना अगदी लागून असलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. घराला रुळांच्या बाजूने एक लांबट गॅलरी. ज्या दिवशी त्यांची गाडी या बाजूने दिवसाउजेडी जायची, त्या दिवशी वसुधा गॅलरीत नॅपकिन घेऊन उभी राहायची. एक हात, एक नॅपकिन. म्हणजे घरी सगळं ठीक. ते भोंगा अगदी हलकेच वाजवायचे, म्हणजे दिसलीस. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. बाकीच्या मोटरमनना आणि गार्डांनाही ती गॅलरी ठाऊक होती. त्यांच्यातलं कोणी कोणी उगाच भोंगा वाजवून जायचं आणि वसुधा त्यांनाही नॅपकिन हलवायची.

पण रेल्वेचा एक नियम आहे. रुळाच्या कडेला कोणीही माणूस, मग तो रेल्वेचा खलाशी असो, भाजीवाला असो की कोणाची बायको असो, दोन्ही हात सरळ डोक्यावर ताणून उभा दिसला, की पुढे धोका आहे असं धरायचं आणि गाडी थांबवायची. का, कशाला, ते थांबल्यावर विचारायचं. आणि आज सकाळी पवईच्या कंपनीतून सईला फोन आला की तिला कायम केलंय. नेमकी त्याच वेळी वळणावरून नंदकिशोरांची गाडी आली, आणि वसुधाने नॅपकिन टाकून दोन्ही हात वर केले. वर करून हलवलेसुद्धा.

"मला माहीत होता हो तो नियम," ती आता जरा नरमून म्हणाली. "मीच वाचून दाखवायचे ना तुम्हाला परीक्षेच्या वेळी? आठवतंय ना? तुम्ही पलंगावर डोळे मिटून पडायचे आणि मी पोळ्या लाटत विचारायचे, लाल बावटा नसेल तर काय? तुम्ही म्हणायचे, दोन्ही हात."

"मग विसरलीस कशी?"

"मुलगी कायम झाली म्हणून विसरले! तुम्हाला पोरीचं काही आहे की नाही?"

 नंदकिशोरांनी पायातला बूट काढला, दोन्ही जोडून कपाटात ठेवले आणि सईच्या डोक्यावर हात ठेवला. "झकास केलंस, बेटा," ते म्हणाले. मग वसुधाकडे न बघता म्हणाले, "उद्या ड्युटी झाल्यावर साहेबांनी बोलावलंय. मोटरमनच्या अख्ख्या लॉबीत हसतायत. तो निलेश, काल लागलेला पोरगा, मला म्हणतो, दादा, वहिनींना पगार चालू करा. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत विनाकारण गाडी थांबवली असं कोणी म्हणालं नव्हतं." मग त्यांनी पुढचं सांगून टाकलं. "ती गॅलरी आता बंद करून टाकू. सईला खोली हवीच आहे. केतनला उद्या मापं घ्यायला बोलावलंय."

गॅलरी बंद करायची गोष्ट तशी नवी नव्हती. सईला आठवड्यातून तीन दिवस घरून काम असायचं. तिच्या मीटिंगमध्ये गाडी धडधडत गेली की पलीकडून कोणीतरी विचारायचं, तुमच्याकडे स्टेशन आहे का? ॲल्युमिनियमच्या चौकटी, जाड काचा, आत एक टेबल, की झाली खोली. इमारतीतल्या सगळ्यांनी हेच केलं होतं. बाहेरून बघितलं तर दुसऱ्या मजल्यावरची ही एकच गॅलरी दात पडल्यासारखी उघडी दिसायची. इतके दिवस वसुधा आज बघू, उद्या बघू करत ते टाळत आली होती. आज टाळायला तोंड उरलं नव्हतं.

"आणि माझं मशीन?" तिने विचारलं.

"बेडरूममध्ये."

"बेडरूममध्ये पलंग आणि कपाट सोडून पाय ठेवायला जागा आहे का?"

"मग हॉलमध्ये."

"हॉलमध्ये भाऊ आहेत."

आपलं नाव निघालेलं भाऊंना बरोबर दिसलं. "काय झाला गो?" त्यांनी टीव्हीपेक्षा मोठ्याने विचारलं.

"गॅलरी बंद करतायत!" वसुधा ओरडली.

"करतत तर करूंदेत," भाऊ म्हणाले. "पण माझी खुर्ची थंयच व्हयी."

त्या रात्री पोळ्या जरा जाडच झाल्या आणि कोणी तसं बोललं नाही.

वसुधा देवगडच्या बाजूची. लग्न होऊन आली ती लालबागच्या चाळीतल्या खोलीत. खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यासमोर दुसऱ्याची भिंत. दार उघडं टाकलं तर येणारे-जाणारे आत बघणार, म्हणून दारही लोटलेलं. गावाकडे अंगणात उभं राहिलं की खाडीपर्यंत नजर जायची. लालबागला ती फार तर समोरच्या भिंतीवरच्या विजेच्या मीटरपर्यंत गेली. मुलुंडचं हे घर बघायला आली तेव्हा तिने खोल्या बघितल्याच नाहीत, थेट गॅलरीत गेली. समोर चार रूळ, पलीकडे झाडं आणि त्यांच्यावरून दिसणारा डोंगर. गाडी गेली तेव्हा पायाखालची फरशी हलली. दलाल ओशाळला, पण वसुधा म्हणाली, हेच घ्यायचं.

तेव्हापासून तिचं सगळं त्या गॅलरीत होतं. शिलाईचं मशीन तिथे, ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायका बसायच्या तो वेताचा मोडा तिथे, भाजी निवडणं तिथे, सईच्या लहानपणी तिचा अभ्यास घेणं तिथे. बायका म्हणायच्या, वसुधाताई, हा गाड्यांचा आवाज डोकं उठवत नाही का हो? ती म्हणायची, आवाज बंद झाला की उठतं. खरंच होतं ते. मेगाब्लॉकच्या रविवारी तिला चैन पडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डबा भरून दिला, पण 'सावकाश जा' म्हणाली नाही. नंदकिशोरही दारात थांबले नाहीत. जिना उतरता उतरता फक्त म्हणाले, "आज गॅलरीत उभी राहू नकोस. राहिलीस तरी मी बघणार नाही."

"नाही राहणार," ती म्हणाली. "केतन राहील तिथे. त्याच्याकडे बघा."

केतन फॅब्रिकेटर टेप, पेन्सिल आणि तोंडात मावा घेऊन आला तेव्हा सईची मीटिंग चालू होती आणि भाऊंची मालिका. वसुधाने मशीनवरचं कापड गुंडाळून ठेवलं आणि त्याला जागा करून दिली. तो मापं घेत होता आणि ती सासरी निघालेल्या मुलीकडे बघावं तशी कठड्याकडे बघत होती.

"काकी, एकदम थंडगार होऊन जाईल बघा," केतन म्हणाला. "गाडी गेली तरी समजणार नाही."

"हो का," वसुधा म्हणाली.

शेजारच्या प्लॉटवर जुनी इमारत पाडून टॉवर उभा राहत होता. रुळांच्या बाजूने त्यांनी पत्र्याचं उंच कुंपण केलं होतं. लोखंडी अँगल, त्याला निळे पत्रे. त्या पत्र्यांमुळे नाहूरकडून येणारी गाडी पूर्वी वळणापलीकडूनच दिसायची ती आता एकदम जवळ आल्यावर दिसायला लागली होती. वसुधाची त्यावर रोज कुरकुर असायची. आणि त्याच कुंपणाच्या पलीकडे, रेल्वेच्या हद्दीत, पत्र्यांच्या सावलीला वॉचमन चंद्रप्रकाश दुपारी डबा खायला बसायचा. बसू नको तिथे, असं तिने त्याला वरून दोनदा तरी सांगितलं होतं. तो हात जोडून हसायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

आजही तो तिथेच बसला होता.

प्लॉटवर पोकलेन मातीचा ढीग सारत होता. तो मागे मागे येत होता. वसुधाला वाटलं, आता थांबेल. तो थांबला नाही. त्याची पाठ कुंपणाच्या अँगलला लागली, अगदी हलकेच, आणि मग अख्खी निळी भिंत रुळांच्या बाजूला कलली. आधी एक मोठा करकर आवाज, मग पत्र्यांचा असा गडगडाट की भाऊंनीसुद्धा मान वळवली.

"अगं बाई गं!" वसुधा ओरडली.

कुंपण जवळच्या रुळावर आडवं झालं होतं. त्याचं एक टोक पुढच्या, म्हणजे मुलुंडकडून मुंबईला जाणाऱ्या रुळापर्यंत पोचलं होतं. आणि चंद्रप्रकाश त्याच्या खाली होता. त्याचं डोकं आणि एक हात बाहेर दिसत होता. तो हात हलत होता.

"मेला तो!" केतन म्हणाला.

"नाही मेला, हात बघ!" ती कठड्यावरून ओणवली. "अहो! अहो, पोकलेनवाले! माणूस आहे खाली!" पोकलेनच्या आवाजात तिचा आवाज कुठेच पोचला नाही. पोकलेनवाल्याला मागे काय झालं तेच कळलं नव्हतं. तो आपला माती सारत होता.

तेवढ्यात भोंगा ऐकू आला. नाहूरकडून.

गाड्या ऐकत जगलेल्या बाईला भोंग्यावरून कळतं की गाडी कुठे आहे. गाडी वळणाच्या पलीकडे होती, याच रुळावरून येत होती, आणि पडलेले पत्रे तिला वळणानंतरच दिसणार होते. तेव्हा फार उशीर झाला असता.

"केतन, मला धर!"

"काकी?"

"धर म्हणते ना! कमरेला धर, पडेन मी!"

ती मोड्यावर चढली, मोड्यावरून कठड्यावर एक गुडघा टेकवला आणि दोन्ही हात सरळ डोक्यावर ताणले. केतनने डोळे मिटून तिच्या गाऊनचा पट्टा दोन्ही मुठींत धरला. आतून सई ओरडत आली, "आई, काय करतेस?" पण वसुधाला काही ऐकू येत नव्हतं. तिला फक्त एकच धास्ती होती. कालच सगळे हसले होते. गाडीतला जो कोण असेल तो म्हणेल, आली तावड्यांची बायको, नाचतेय. आणि बघून न बघितल्यासारखं करून निघून जाईल. तिला अगदी नंदकिशोरांच्याच आवाजात ऐकू आलं, राहिलीस तरी मी बघणार नाही.

गाडीचं तोंड वळणावर दिसलं. वसुधा हात हलवायला लागली. मनात एकच, थांब रे बाबा, हसू नको, थांब.

गाडी थांबायला लागली. आवाज बदलला. चाकं ओरडली, ब्रेकचा जळका वास गॅलरीपर्यंत आला, आणि गाडी सरकत, कण्हत, पत्र्यांपासून जेमतेम एका डब्याच्या अंतरावर येऊन उभी राहिली.

"थांबली!" केतन डोळे उघडून ओरडला. "काकी, थांबली! काय थांबवली!"

काचेमागे निलेश होता. काल हसलेला तोच पोरगा. त्याने आधी वर बघितलं, मग खाली पत्रे बघितले, आणि मग जे काही केलं ते इतक्या भराभर की वसुधाला बघता बघता धाप लागली. गाडीच्या कपाळावरचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागला. समोरून येणाऱ्या कुठल्याही गाडीने तो दिवा बघितला की जागच्या जागी थांबायचं असतं. मग तो फोनवर कंट्रोलशी बोलताना दिसला. आणि गाडीच्या शेपटाकडून, बारा डब्यांपलीकडून, एक पांढरा गणवेश खडीवरून धावत येताना दिसला. संघमित्रा. हल्ली गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण तावड्यांच्या घरात ती गार्डच. एका हातात लाल बावटा, दुसऱ्या हातात औषधांची पेटी, आणि मागून दोन प्रवासी घडीचं स्ट्रेचर घेऊन धडपडत येत होते. खडीवरून चालायला तरी कुठे येतं नीट, पण ती मुलगी तराट धावत होती.

"कुठे आहे?" ती खालून ओरडली.

"पत्र्याखाली!" वसुधा वरून ओरडली. "डाव्या टोकाला! हात हलत होता!"

मुलुंडकडून दुसरी गाडी येत होती. वसुधाने मान वळवली. पत्र्याचं टोक त्याच रुळावर होतं. संघमित्रानेही ते बघितलं आणि बावटा घेऊन ती पुढे धावली. पण गाडी पिवळा दिवा बघून आधीच मंद होत आली होती. आली, आली, आणि उभी राहिली. तिचा मोटरमन कॅबमधून उतरला. उतरायची त्यांची एक पद्धत होती, आधी उजवा पाय, मग दांडी धरून अंग. ती वसुधाला कोसभरावरूनही ओळखू आली असती.

"अगं, बाबा आहे तो!" सई म्हणाली.

नंदकिशोर तिथे होते. ज्या गाडीला पत्र्याचं टोक लागणार होतं, ती त्यांची गाडी होती. 

आता साइटवरची माणसं धावत आली होती. पोकलेनवाला रडायच्या बेतात होता. नंदकिशोर आणि निलेशनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "एक, दोन, तीन, उचला!" संघमित्रा आडवी होऊन पत्र्याखाली शिरली आणि चंद्रप्रकाशला बगलेला धरून तिने बाहेर ओढलं. त्याने केवढ्याने बोंब मारली! ती ऐकून वसुधाला हायसं वाटलं. बोंब मारणारा माणूस जिवंत असतो. संघमित्राने त्याच्या पायाला फळी बांधली, डोक्याला पट्टी लावली, तोंडाने अखंड बोलत होती, "भैया, इधर देखो, मेरी तरफ देखो, नाम बोलो, गाव बोलो." चंद्रप्रकाश नाव सांगत होता, गाव सांगत होता, बायकोचं नाव सांगत होता, माझा डबा कुठे असंही विचारत होता.

पत्र्याचं टोक ओढून बाजूला झालं. नंदकिशोरांच्या गाडीचा रूळ मोकळा झाला. स्ट्रेचर त्यांच्याच गाडीच्या पहिल्या डब्यात चढलं. पुढच्या स्टेशनवर रुग्णवाहिका उभी असेल, असं कंट्रोलने सांगितलं होतं. नंदकिशोर कॅबमध्ये चढायला वळले, आणि तेव्हाच त्यांनी वर बघितलं.

वसुधा अजून तशीच उभी होती. गुडघा कठड्यावर, केतन पट्ट्याला लोंबकळलेला, आणि दोन्ही हात डोक्यावर.

नंदकिशोरांनी दोन्ही तळवे खाली दाबल्यासारखे केले. खाली घे. पुन्हा केलं. खाली घे, वसू! आणि पलीकडे बोट दाखवलं. पलीकडच्या जलद रुळावर एक तिसरी गाडी उभी होती. तिचा मोटरमन खिडकीतून डोकं काढून वसुधाकडे बघत होता, आणि हात खाली येण्याची वाट पाहत होता.

"अय्या!" म्हणून तिने हात खाली घेतले. दोघंही, ती आणि केतन, गॅलरीत कोसळली. जलद गाडी भोंगा वाजवून निघून गेली. सई जमिनीवर बसून हसत सुटली, मग रडायला लागली, मग पुन्हा हसली. तिच्या कॉम्प्युटरवर मीटिंग तशीच चालू होती, आणि पलीकडचा माणूस विचारत होता, सई, सगळं ठीक आहे ना?

भाऊ दारात येऊन उभे होते. "माका कोण सांगात काय, काय झाला ता?"

कोणीच सांगेना, तेव्हा तेच आपले खुर्ची ओढून बसले आणि बघायला लागले.

संध्याकाळी नंदकिशोर एकटे आले नाहीत. मागे निलेश होता, संघमित्रा होती, आणि निलेशच्या हातात मिठाईचा पुडा होता. जिन्यातच आवाज सुरू झाला होता.

"वहिनी!" निलेशने दारात कान धरले. "कालचं मागे घेतो. पगार नको, पेन्शन चालू करा."

"आधी आत ये, मेल्या. घाबरवलंस मला. मला वाटलं हसशील आणि जाशील."

"छे हो. हसायला वेळ कुठे असतो? दोन हात दिसले की ब्रेक. डोक्याला विचारायचंच नसतं. ते नंतर हसायचं, लॉबीत." तो खुर्चीत बसला आणि एकदम गंभीर झाला. "खरं सांगू? वळणावर मला फक्त निळे पत्रे दिसले असते. आणि ते उभे आहेत की आडवे, हे कळेपर्यंत..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि पाणी प्यायलं.

"वॉचमन कसा आहे?" वसुधाने विचारलं.

"पायाचं ऑपरेशन झालं," संघमित्रा म्हणाली. "मी आत्ताच फोन केला होता. बरा होईल. त्याच्या बायकोला गावी कळवलंय. आणि ताई, तो मला विचारत होता, वो ऊपरवाली मॅडम कौन थी? मी म्हटलं, ती सगळ्या गाड्यांची वहिनी."

सगळे हसले. वसुधाने सगळ्यांना चहा दिला, पोहे दिले.  कप हातात धरून नंदकिशोर नुसते तिच्याकडे बघत होते, आणि तिने बघितल्यावर दुसरीकडे बघत होते.

"साहेबांनी काय विचारलं?" तिने शेवटी विचारलं.

"म्हणाले, कालचं राहू दे, आजचं सांग."

पाहुणे गेले. घर शांत झालं. मग नंदकिशोर घसा साफ करून म्हणाले, "वसू, आज तू जे केलंस ना..." आणि त्यांना पुढे काही सुचेना. ते मोटरमन होते, बोलणारे नव्हते. म्हणून त्यांनी सुचलं ते बोलून टाकलं. "पण कठड्यावर चढलीस. पडली असतीस म्हणजे? केतनच्या हातातला पट्टा तुटला असता म्हणजे? म्हणून तर म्हणतो, बंदच करून टाकलेली बरी. काच लावू. काचेतून सगळं दिसतं."

"दिसतं," वसुधा म्हणाली. "दिसून काय करू? काचेमागे केलेले हात गाडीतून दिसतील का?"

"रोज काय पत्रे पडणार आहेत का?"

"रोज माणूस कुठे मरतो? एकदाच मरतो. आज तुमची गाडी होती."

नंदकिशोर रिकामे कप गोळा करायला लागले.

"आई," सई म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "मला कळतंय गं. पण मला खरंच जागा नाहीये. मी आता कायम आहे. मला चारचौघांसारखं दार लावून बोलायचंय."

ते खरंच होतं, आणि वसुधाला ते काल रात्रीच कळलं होतं. पोरगी भांडून मागत नव्हती, म्हणून तर ते जास्त लागत होतं. वसुधा उठली. मोबाइल घेऊन आत बेडरूममध्ये गेली. आतून तिचा आवाज येत होता. "हो, केतन... नाही रे, बरी आहे मी... हो, काकाही बरे आहेत... नाही, माल कापू नकोस... अजिबात नको." मग कपाट सरकवल्याचा आवाज. मग आणखी एकदा.

ती बाहेर आली तेव्हा केसांत जळमट होतं. तिने ताटं मांडायला घेतली आणि मांडता मांडताच बोलली.

"गॅलरी बंद होणार नाही. केतनला मी नको म्हणून सांगितलंय. सईला आपली बेडरूम. तिथे दार आहे, लावून घे आणि बोल. आपण दोघं आजपासून हॉलमध्ये झोपायचं. भाऊ, तुमचा टीव्ही नऊ वाजता बंद होईल. सई, त्यांना कानात सांग. चला, जेवायला बसा."